लाइनबॅकर व्हायचंय : तालमीतल्या पोरानं सुरुवात कुठून करायची?

गंगावेस_तालीम

मंडळी, नमस्कार. प्रश्न अमेरिकन फुटबॉलबद्दल आहे. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ खेळतात त्या फुटबॉलबद्दल नाही.

तालमीत एक पोरगं आहे. वय १९, उंची ६ फूट १ इंच, वजन ९४ किलो. सहा वर्षं माती आणि मॅट दोन्ही झालंय, कबड्डीत कोपरा धरतो. दुहेरी पट (समोरच्याचे दोन्ही पाय धरायचा डाव) चांगला लागतो, मान आणि कंबर मजबूत आहे. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे सामने बघून त्यानं लाइनबॅकर व्हायचं मनावर घेतलंय आणि तो हे गमतीनं बोलत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लाइनबॅकरचं नेमकं काम काय, आणि कुस्ती-कबड्डीतलं काय कामाला येतं, काय मोडून काढावं लागतं? दुसरं, इथं आपल्याकडं आखाडा आणि साधं मैदान एवढंच आहे, त्यावर सराव कसा लावायचा? तिसरं, पुढं वाट खरोखर आहे का? करिअर किती वर्षांचं असतं, पैसा कसा मिळतो, शरीराचं काय होतं? उगाच आशा लावू नका आणि उगाच नाउमेदही करू नका. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

मधली_फळी

वस्ताद, मी पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

बचावाच्या तीन फळ्या असतात. पुढची रेषेवर हात टेकून बसलेली, मागची पास, म्हणजे हातानं पुढं फेकलेला बॉल, अडवणारी, मधली लाइनबॅकरची. ४-३ रचनेत पुढं चार आणि मध्ये तीन लाइनबॅकर; ३-४ मध्ये पुढं तीन आणि मध्ये चार. ४-३ मधल्या तिघांना नावं आहेत. मधला तो माइक, टाइट एंड (समोरच्या रेषेच्या टोकाचा, अडवणारा आणि पासही झेलणारा गडी) ज्या बाजूला उभा असेल त्या बाजूचा सॅम, उरलेल्या बाजूचा विल. हल्ली पास फार वाढल्यामुळं बहुतेक वेळा एक लाइनबॅकर काढून मागच्या फळीतला पाचवा गडी, म्हणजे डिफेन्सिव्ह बॅक, आणतात, त्या रचनेला निकेल म्हणतात. मैदानात दोनच लाइनबॅकर राहतात आणि त्या दोघांना पळता आलंच पाहिजे. नुसता धावता बॉल अडवणारा जड गडी आज बाकावर बसतो.

३-४ मधल्या बाहेरच्या लाइनबॅकरचं काम वेगळं, तो मुख्यतः क्वार्टरबॅकवर, म्हणजे पास फेकणाऱ्या सूत्रधारावर, चाल करून जातो. लॉरेन्स टेलर या जागेवर खेळायचा. १९८६ मध्ये त्याला संपूर्ण लीगचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं, आणि बचावातल्या खेळाडूच्या वाट्याला हा मान फार क्वचित येतो. तुमच्या पोराचं माप बघून मी मधल्या जागेचंच लिहितो.

पहिला धडा खिंडीचा. समोरच्या रेषेत मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि गार्ड यांच्यामधली फट ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी, त्याच्या बाहेरची डी. पोरांना 'फट' सांगण्यापेक्षा 'खिंड' सांगा, आपल्या भागातल्या पोराला जास्त काही सांगावं लागत नाही. प्रत्येक डावात प्रत्येक लाइनबॅकरला एक खिंड नेमून दिलेली असते. नवा खेळाडू हमखास इथं चुकतो: बॉल उजवीकडं निघाला की तोही उजवीकडं पळत सुटतो. मग पळणारा गडी एक पाऊल रोवून मागं वळतो आणि रिकाम्या पडलेल्या खिंडीतून वीस यार्ड घेऊन जातो. शक्ती कमी पडली म्हणून हे होत नाही. जागा सोडली म्हणून होतं.

दुसरा धडा नजरेचा, आणि माझ्या मते लाइनबॅकरचं सगळं करिअर यावर उभं असतं. बॉलकडं बघायचं नाही. समोरच्या गार्डकडं बघायचं, त्याच्या खांद्यावरून रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, दिसला पाहिजे. गार्डचं हेल्मेट खाली आणि पुढं आलं तर धाव. हेल्मेट वर उठलं आणि तो मागं सरकला तर पास. गार्ड आपली जागा सोडून आडवा पळाला तर त्याच्या मागं त्याच दिशेनं जायचं, कारण बहुतेक वेळा बॉल तिकडंच येणार असतो. हे ओळखायला डोळ्यांची पापणी लवते तेवढाच वेळ मिळतो. ल्यूक कीकली २०१२ मध्ये कॅरोलिना पँथर्सकडं आला आणि पुढच्याच वर्षी बचावातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोरच्याचा डाव सुरू होण्याआधी ओळखून तो आपल्या साथीदारांना ओरडून सांगायचा, त्याची ख्याती त्यासाठीच होती.

आता कुस्ती. रे लुइस हा १७ मोसम बाल्टिमोर रेव्हन्सकडून खेळलेला माइक. शाळेत असताना तो कुस्ती करायचा. तेव्हा पाया योग्य आहे. कंबर खाली ठेवून सरकणं, समोरच्याच्या अंगाखाली शिरणं, हाताची पकड, तोल गेला की पुन्हा सावरणं, हे विकत मिळत नाही. कबड्डीतल्या कोपऱ्याला चढाईवाल्याच्या पायांवरून दिशा ओळखायची सवय असते, तीही इथं उपयोगी.

पण तीन सवयी मोडाव्या लागतील.

एक, उभं राहणं. पैलवान फार खाली वाकतो आणि एक पाय पुढं टाकतो. लाइनबॅकर रेषेपासून साधारण ५ यार्ड, म्हणजे ४.६ मीटर मागं उभा राहतो. पाय खांद्याएवढे, दोन्ही समांतर, भार चवड्याच्या आतल्या भागावर, टाच जमिनीवरून कागद सरकेल एवढीच उचललेली, हात गुडघ्यांवर न टेकता मोकळे पुढं. एक पाय पुढं असला की बॉल हलल्यावर आधी तो मागं घ्यावा लागतो, आणि हे वाया गेलेलं पाऊल म्हणजे निम्मा यार्ड. उपाय साधा: दोन्ही टाचांच्या मागं चार बोटांवर एकेक चप्पल ठेवा. इशारा झाल्यावर टाच चपलेला लागली की ते पाऊल चुकलं.

दोन, धरून ठेवणं. समोरून १४० किलोचा गार्ड येतो. पैलवानाचा हात आपसूक मानेत किंवा काखेत जातो आणि तिथं कुस्ती लागते. बॉल शेजारून निघून जातो. तुम्ही गार्डला चितपट केलं तरी तो डाव तुम्ही हरलात. दोन्ही तळवे त्याच्या छातीवर आतून मारायचे, अंगठे वर, कोपरं बरगडीला लागून. हात ताठ करून त्याला अंतरावर ठेवायचं, बॉल कुठल्या बाजूला जातोय ते बघायचं, मग एका हातानं ओढून दुसऱ्यानं ढकलून मोकळं व्हायचं. मोजून सोडायला शिकवा : मार, ताठ, बघ, सोड. 'बघ' राहिलं तर बाकी सगळं फुकट.

तीन, दुहेरी पट. हा सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात मोठा धोका. पटात पैलवान गुडघा जमिनीला टेकवून आत शिरतो. मैदानात गुडघा टेकला की पाय थांबले, आणि समोरचा तुमच्या अंगावरून उडी मारून जातो. पाय शेवटपर्यंत चालू राहिले पाहिजेत. त्याच्या ज्या बाजूला खांदा लावायचा, त्याच बाजूचं पाऊल त्याच्या पायाजवळ टाकायचं. खांदा मांडीवर, दोन्ही हातांनी दोन्ही पाय गुडघ्यामागून आवळायचे, डोकं पळणाऱ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे त्याच्या वाटेत आडवं येणार नाही असं. हनुवटी वर, डोळे उघडे. रग्बीतली ही पद्धत सिॲटल सीहॉक्सनं एनएफएलमध्ये रुजवली.

सरावासाठी मैदानावर दोरीनं यार्ड आखून घ्या. दोरीला ९१.४ सेंटिमीटरवर एकेक गाठ मारा, चुन्याची फक्की टाका. मोटारीचे पाच जुने टायर ६० सेंटिमीटर अंतरानं एका रेषेत ठेवा. ही झाली सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. एक पोरगं गार्डच्या टायरमागं उभं करा, त्याच्या मागं दुसरं रनिंग बॅक म्हणून. तुम्ही लाइनबॅकरच्या पाठीमागं उभं राहून बोटांनी इशारा द्यायचा: एक बोट धाव, दोन बोटं पास, मूठ म्हणजे आडवी पळ. गार्ड तसं करतो आणि लाइनबॅकरनं फक्त पहिली दोन पावलं बरोबर टाकायची. वीस वेळा, तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिले तीन आठवडे अंगाला अंग लावायचंच नाही. मोबाईल समोर तिकाटण्यावर लावून संथ चित्रीकरण करा, पाऊल कुठं चुकतं ते त्यालाच दिसू द्या.

पडण्याचा आणि टॅकलचा (इथं टॅकल म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडणं, रेषेतली जागा नव्हे) सराव आखाड्यातल्या मऊ मातीत करा, पण पळण्याचा तिथं नको. भुसभुशीत मातीत पाऊल रुततं आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. टॅकल आधी दोन्ही गुडघ्यांवर बसून, मग उभ्यानं चालत, मग पाच यार्डांवरून तिरकं निम्म्या वेगानं. प्रत्येक खांद्यावर दहा, आठवड्यातून दोनदा, बस्स. डाव्या खांद्यावर तो नक्की कच्चा असेल, म्हणून सुरुवात डाव्यानंच करा.

यार्डपट्टी

वरच्या उत्तरात खेळ आला, मी वाटेचं आणि पैशाचं लिहितो.

अमेरिकेत नेहमीचा मार्ग शाळा, मग कॉलेज, मग ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं, असा आहे. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही. ड्राफ्ट एप्रिलमध्ये, सात फेऱ्यांचा, ३२ संघ मिळून अडीचशेच्या आसपास खेळाडू घेतात. त्याआधी इंडियानापोलिसला कम्बाइन नावाची चाचणी होते. ४० यार्ड धाव, १०२ किलोचा बेंच प्रेस किती वेळा, उभी उडी, लांब उडी, आणि वळून पळण्याच्या दोन चाचण्या. मधल्या लाइनबॅकरनं ४० यार्ड साधारण ४.५ ते ४.७ सेकंदांत पळावं अशी अपेक्षा असते, वजन १०२ ते १११ किलो.

मोजताना आपल्याकडं दोन चुका होतात. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर, ४० मीटर पळवून पोराला उगाच मंद ठरवू नका. आणि हातातल्या स्टॉपवॉचवर वेळ दोन-अडीच दशांश सेकंदांनी कमी येते, म्हणून ४.७ दिसलं तर मनात ४.९ धरा.

ड्राफ्टमध्ये निवड झाली नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. लंडन फ्लेचर, उंची ५ फूट १० इंच, शिष्यवृत्ती न देणाऱ्या गटातल्या छोट्या कॉलेजातून आला, १९९८ मध्ये कुणीही निवडला नाही. तो १६ मोसम खेळला आणि एकही सामना न चुकवता सलग २५६ सामने मैदानात उतरला. सॅम मिल्स तर ५ फूट ९ इंचांचा. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं, २०२२ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं.

शिबिराला प्रत्येक संघाकडं ९० खेळाडू असतात, मोसम सुरू होताना ५३ राहतात. सराव पथकात १६ जण, शिवाय २०२४ पासून प्रत्येक संघाला परदेशी खेळाडूसाठी एक जादा जागा. नवख्या लाइनबॅकरनं ५३ मध्ये टिकायचं तर किकऑफ आणि पंटच्या, म्हणजे बॉल लाथेनं मारतात त्या डावांच्या, पथकांत खेळावंच लागतं. चौथा-पाचवा लाइनबॅकर त्या पथकांवरच पोट भरतो, आणि तिथं जो उशिरा पोचतो त्याला मंगळवारी घरी पाठवतात.

पैसा : २०२५ मध्ये पहिल्या वर्षाच्या खेळाडूचं किमान वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होतं. सराव पथकात आठवड्याला किमान १३ हजार डॉलर. १८ आठवडे टिकला तर २ लाख ३४ हजार. पण ते दर आठवड्याचं असतं, मधेच काढलं तर पुढचे बंद. ड्राफ्टमधून आलेल्याचा पहिला करार चार वर्षांचा. आता हे बघा: खेळाडूंची संघटना सरासरी करिअर ३.३ वर्षांचं सांगत आली आहे. मोठा पैसा दुसऱ्या करारात असतो आणि बहुतेक जण त्या करारापर्यंत पोचतच नाहीत. जो पोचतो त्याचं उदाहरण रोक्वान स्मिथ. जानेवारी २०२३ मध्ये रेव्हन्सशी पाच वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार. पोराला हा आकडा दाखवताना ३.३ हा आकडाही सोबत दाखवा. निवृत्तिवेतनाचा हक्क तीन मोसम भरल्यावर मिळतो.

आपल्यासाठी वाटा तीन. पहिली, अमेरिकन कॉलेज. १९ वय हातातून निघून चाललंय. बारावीपर्यंतच्या विषयांची तिकडच्या नियमांप्रमाणं पडताळणी होते, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रशिक्षकाला दाखवायला खेळाचं चित्रीकरण लागतं. कुस्तीचं चित्रीकरणही पाठवा, ते वाया जात नाही. दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजमधून शिरकाव तुलनेनं सोपा. दुसरी वाट एनएफएलचा परदेशी खेळाडूंसाठीचा कार्यक्रम, २०१७ पासून. निवडलेल्यांना फ्लोरिडात काही आठवडे तयार करून संघांपुढं उभं करतात. ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू जॉर्डन मैलाटा याच वाटेनं आला आणि फिलाडेल्फिया ईगल्सचा मुख्य टॅकल झाला. त्याआधी त्यानं हा खेळ खेळलेलाच नव्हता. तिसरी, जर्मनीसारख्या देशांतल्या लीग. पैसे थोडे, पण खरे सामने मिळतात आणि चित्रीकरण हातात येतं.

भारतीय वंशाचा लाइनबॅकर एनएफएलमध्ये होऊन गेलाय. ब्रँडन चिलर, वडील भारतीय. २००४ ला चौथ्या फेरीत सेंट लुइस रॅम्सनं घेतला, नंतर ग्रीन बे पॅकर्सकडं गेला. पण तो वाढला आणि शिकला अमेरिकेत. भारतात राहून, इथंच शिकून त्या ५३ मध्ये बसलेला लाइनबॅकर अजून झालेला नाही.

आणि पैलवानाच्या दोन गोष्टी एकत्र वाचा. स्टीफन नील, १९९९ चा फ्रीस्टाइल विश्वविजेता, कॉलेजात फुटबॉल खेळला नव्हता, तरी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा गार्ड होऊन तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. गेबल स्टीव्हसन, टोकियो ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता, २०२४ च्या मे महिन्यात बफेलो बिल्सनं घेतला आणि मोसम सुरू होण्याआधीच सोडला. दोघेही आक्रमणाच्या किंवा बचावाच्या रेषेवर, जिथं समोरचा गडी हाताच्या अंतरावर असतो. लाइनबॅकरला पाच यार्ड मागून सगळं वाचावं लागतं, पैलवानासाठी ते आणखी अवघड.

गंगावेस_तालीम

दोघांचेही आभार. चपलेचा उपाय आजच केला, प्रत्येक वेळी डावी टाच लागतेय. आणखी दोन शंका. वजन ९४ वरून १०२ वर किती दिवसांत न्यावं? आणि कुणीतरी जुनी हेल्मेट आणि खांद्याचे पॅड देतो म्हणतोय, घ्यावेत का?

फिजिओ_राजारामपुरी

हेल्मेटचं आधी. आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर तयार झाल्याचं साल असतं ते बघा. दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर अमेरिकेतले दुरुस्ती करणारेही ते हातात घेत नाहीत, तेव्हा आपणही घेऊ नये. कवचाला केसाएवढी तडा असली, आतले पॅड कडक झाले असले, किंवा पट्टीच नसली तर नको. डोक्यावर घातल्यावर पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं यावी. चारही टोकांचा हनुवटीचा पट्टा लावून हेल्मेट हातानं डावी-उजवीकडं फिरवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. आणि हेल्मेट कवटी वाचवतं, आतल्या मेंदूचं हलणं थांबवत नाही, हे पोराला स्पष्ट सांगा. दातांचं कवच दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या.

मान. ४ डिसेंबर २०१७ ला पिट्सबर्ग स्टीलर्सचा लाइनबॅकर रायन शझियर टॅकल करायला डोकं खाली घालून गेला. कण्याला मार बसला आणि त्याचं खेळणं तिथंच संपलं. पुढच्या वर्षी लीगनं डोकं खाली घालून भिडणं हा १५ यार्डांचा दंड असलेला नियमभंग ठरवला. डोकं खाली गेलं की मानेची नैसर्गिक कमान सरळ होते आणि धक्का स्नायूंनी न झेलता थेट मणक्यांवर जातो. पैलवान पटात शिरताना कधी कधी कपाळ समोरच्याच्या छातीत लावतो, मातीत ते चालतं. पूर्ण वेगात पळणाऱ्या १०० किलोच्या माणसापुढं ते चालणार नाही. म्हणून 'मधली_फळी' यांनी सांगितलेली हनुवटी वर ही गोष्ट आधी, बाकी सगळं नंतर. मानेचे व्यायाम रोज: तळहात कपाळाला, मागं, दोन्ही कानांवर लावून दाब द्यायचा आणि मान हलू द्यायची नाही, प्रत्येक दिशेला दहा सेकंद, पाच वेळा. कुणाला छातीवर बसवून मानेचा पूल घालण्याची जुनी पद्धत आता बंद करा.

डोक्याला मार बसल्यावर भोवळ, मळमळ, डोकेदुखी, दिवे डोळ्यांत खुपणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं यातलं काहीही दिसलं की त्या दिवशी खेळ बंद. 'बरं वाटतंय' म्हणून परत उतरवू नका. न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. परतताना टप्पे: आधी विश्रांती, मग हलकं चालणं-सायकल, मग एकट्यानं पळणं, मग अंगाला अंग न लावता सराव, शेवटी पूर्ण सराव. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस, आणि त्रास परत आला तर एक टप्पा मागं.

करिअरच्या लांबीचा हिशोबही याच्याशीच बांधलेला आहे. कीकली २०२० च्या जानेवारीत, वयाच्या २८ व्या वर्षी थांबला. २०१५, २०१६ आणि २०१७ या तीन मोसमांत त्याला मेंदूला मार बसला होता. पॅट्रिक विलिस पायाच्या दुखापतींमुळं ३० व्या वर्षी. क्रिस बोरलंड २०१४ चा एक चांगला मोसम खेळून २४ व्या वर्षी थांबला, कारण डोक्यावरच्या माराचे पुढचे परिणाम त्यानं अभ्यासले. ज्युनियर साऊ वीस मोसम खेळला, २०१२ मध्ये गेला, आणि त्याच्या मेंदूत वारंवारच्या माराचा आजार सापडला. ही चार नावं घरच्यांनाही माहीत असली पाहिजेत. लीगनं स्वतः २०११ च्या करारापासून नियमित मोसमातले पॅड घालून होणारे सराव १४ वर आणलेत. तिथं जर एवढं कमी, तर आपल्याकडं रोज टॅकल कशाला?

वजनाचं: आठवड्याला पाव ते अर्धा किलो, त्यापेक्षा जास्त नको. ८ किलोला साधारण चार ते साडेसात महिने लागतील. प्रथिनं शरीराच्या दर किलोमागं १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण १५० ते १९० ग्रॅम. तालमीचा खुराक चांगला आहे पण त्यात तूप आणि बदाम भरपूर, प्रथिनं त्या मानानं कमी पडतात. बदामाची थंडाई एकवेळची करा, त्याऐवजी सहा अंडी, दीडशे ग्रॅम चिकन किंवा मटण, अर्धा लिटर दूध, दोन वाट्या डाळ वाढवा. रस्सा नव्हे, त्यातली फोडी मोजा. दर चार आठवड्यांनी ४० यार्ड पळवा. वजन वाढतंय आणि वेळही वाढतेय तर ते वजन चुकीचं चढतंय.

पन्हाळा_नाका

एक मुद्दा वेगळा मांडतो. सगळे टॅकलवर बोलताय, पण आज त्या पोरासाठी सगळ्यात जवळचं दार फ्लॅग फुटबॉलचं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत झालेल्या ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनातच लॉस एंजेलिस २०२८ साठी फ्लॅग फुटबॉलला मान्यता मिळाली. पाच विरुद्ध पाच, ५० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद मैदान, शिवाय दोन्ही टोकांना गुण मिळवायची दहा दहा यार्डांची जागा. अंगाला भिडायचं नाही, कमरेची पट्टी ओढायची. लागणारं सामान म्हणजे पट्ट्या आणि बॉल.

त्यात लाइनबॅकर नावाची जागा नसते, पण सात यार्ड मागून क्वार्टरबॅकवर सुटणारा रशर असतो आणि मधला बचावपटू असतो. मधल्याला क्वार्टरबॅकचे डोळे वाचत मागं सरकावं लागतं. नेमकी हीच गोष्ट पैलवानाला येत नसते. एनएफएलमधल्या लाइनबॅकरलाही पासवर मागं दहा-बारा यार्ड जाऊन आपला पट्टा सांभाळावा लागतो, आणि पैलवानातून आलेला गडी तिथंच उघडा पडतो: तो मागं पळताना पाठ फिरवतो आणि बॉल डोक्यावरून जातो. कंबर उघडून, तिरकं मागं, नजर क्वार्टरबॅकवर, हे फ्लॅगमध्ये एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा करायला मिळतं.

मधली_फळी

'पन्हाळा_नाका' यांच्याशी सहमत, आणि माझं आधीचं उत्तर त्यामुळं थोडं बदलतो. टॅकलचे दोन दिवस मी म्हटले होते, त्यातला एक फ्लॅगला द्या.

आठवडा असा धरता येईल. सोमवार-गुरुवार ताकद: स्क्वॉट, क्लीन (जमिनीवरचं वजन एका झटक्यात खांद्यापर्यंत उचलणं), पुल-अप, जोडीला जोर पन्नास-साठ, शेकड्यांनी नको. मंगळवारी टायरवर गार्ड वाचणं आणि हात मारून सुटणं. बुधवारी दहा यार्डांच्या दहा धावा पूर्ण वेगानं, प्रत्येकीनंतर दोन मिनिटं थांबून, आणि मागं सरकण्याचा सराव. शुक्रवारी मऊ मातीत टॅकल. शनिवारी फ्लॅगचा सामना. रविवार पूर्ण मोकळा. तालमीची संध्याकाळची लढत आठवड्यातून दोनदाच ठेवा, नाहीतर मान आणि खांदे भरून निघणार नाहीत.

पायात स्टडचे फुटबॉल बूट चालतील, शाहू स्टेडियमवर खेळणारी पोरं वापरतात तेच. उन्हाळ्यात मुरमाड मैदान दगडासारखं होतं, तेव्हा बारीक जास्त खुंट्यांचे घ्या. पावसाळ्यात लांब खुंट्यांचे. मंगळवारचा सराव पावसात बंद करू नका, ओल्या गवतावर चुकीचं पाऊल लगेच घसरतं आणि आपोआप कळतं.

आणि त्याला आत्तापासून बोलायला लावा. एनएफएलमध्ये बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, २००८ पासून. मागं हिरवा ठिपका असतो तो. बहुतेक संघांत हा मान मधल्या लाइनबॅकरचा. प्रशिक्षकाचा आवाज घड्याळात १५ सेकंद उरले की तुटतो, त्यानंतर दहा जणांना उभं करायचं काम त्याचं एकट्याचं. टायरच्या सरावात प्रत्येक वेळी इशाऱ्याआधी त्यानं मोठ्यानं सांगितलं पाहिजे: समोर किती जण कुठल्या बाजूला जास्त, आणि त्याची खिंड कोणती. कुस्तीत तोंड बंद ठेवायची सवय असते, पहिले पंधरा दिवस आवाज निघणार नाही. रंकाळ्याच्या या काठावरून त्या काठावर ऐकू जाईल एवढा आवाज लागतो.

डाव्या टाचेचं: बहुधा उजवा पाय पुढं ठेवून लढायची सवय असेल. चप्पल काढू नका. उजव्या पायाच्या अंगठ्यापुढं चुन्याची एक आडवी रेघ मारा, दोन्ही अंगठे त्या रेघेला लावून उभं करा, आणि दहा दिवसांनी चित्रीकरण इथं टाका. समोरून आणि बाजूनं, दोन्ही.